एकवीस मोदक, सकाळी साडेआठ: ऑर्डर काउंटर कसा सांभाळावा

डोंबिवली पूर्वेला, फडके रोडला लागून असलेल्या एका गल्लीत आमचं दुकान आहे. उकडीचे मोदक, पुरणपोळी, श्रीखंड आणि दिवाळीत फराळ. मी तिथे अकरा वर्षं ऑर्डर काउंटरला उभी राहते. त्याआधी चार वर्षं एका पोळीभाजी केंद्रात पोळ्या लाटत होते. दरवर्षी श्रावण लागला की मालकीणबाई, म्हणजे आमच्या वहिनी, हंगामापुरत्या दोन-तीन नव्या मुली घेतात आणि त्यांना शिकवायचं काम माझ्याकडे येतं. शिकवताना काही ना काही सांगायचं राहून जातं, आणि ते नेमकं गणपतीच्या सकाळी आठवतं. म्हणून या वेळी सगळं लिहून काढलं. केकचं दुकान असो, लाँड्री असो की फोटो स्टुडिओ, जिथे लोक आधी सांगून ठेवतात आणि मग न्यायला येतात, तिथे यातलं बरंच उपयोगी पडेल.

एक गोष्ट आधी मनात पक्की करा. शेजारच्या विक्रीच्या काउंटरला येणारा माणूस काय घ्यायचं ते तिथे उभा राहून ठरवतो. पेढे संपले असतील तर बर्फी घेतो. आपल्याकडे येणाऱ्याने ते आठ दिवसांपूर्वीच ठरवलेलं असतं, बहुतेक वेळा पैसेही भरलेले असतात. तो स्वतःची वस्तू न्यायला आलेला असतो. घरी चौरंग मांडलेला आहे, गुरुजी यायचे आहेत, सोवळ्यातला माणूस पाच मिनिटांत येतो म्हणून बाहेर पडलाय. "संपले" हा शब्द आपल्या काउंटरला नाही.

ऑर्डर लिहून घेताना

देण्याच्या दिवशी जी भांडणं होतात, त्यातली बहुतेक ऑर्डर लिहिली त्याच दिवशी जन्माला आलेली असतात. म्हणून नव्या मुलीला मी पहिले चार दिवस फक्त पावत्या लिहायला बसवते.

नुसतं आडनाव कधीही लिहू नका. आमच्याकडे गणपतीला जोशींच्या पंधरा-वीस पावत्या असतात, कुलकर्णी आणि पाटील तर विचारू नका. आडनाव, स्वतःचं नाव आणि मोबाईल नंबर, त्यातले शेवटचे चार आकडे मोठे आणि वेगळे काढून. पावती हरवली तरी माणूस आपल्या नंबरचे शेवटचे चार आकडे झोपेतही सांगतो.

दिवस लिहिताना तारीख आणि वार दोन्ही लिहा. तोंडी "परवा" म्हटलेलं पावतीवर उतरवलंत तर दोन दिवसांनी वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. तिथीवरही विसंबू नका. २०२५च्या ऑगस्टमध्ये १२ तारखेला अंगारकी आली आणि २७ तारखेला गणेश चतुर्थी. "चतुर्थीचे अकरा" एवढंच लिहिलेल्या तीन पावत्या मला अंगारकीच्या आदल्या दिवशी सापडल्या. तिघांनाही फोन करावा लागला. दोघांना गणपतीचे हवे होते, एकांना अंगारकीचे. फोन केला नसता तर तिन्ही ऑर्डरी मी गणपतीच्या गठ्ठ्यात टाकणार होते.

वेळेचंही तसंच. "सात वाजता" म्हणजे कोणते सात? संकष्टीचा उपास चंद्रोदयानंतर सुटतो, त्यामुळे त्या दिवशी सात म्हणजे संध्याकाळचे सात. लोक ऑफिसमधून उतरून स्टेशनवरून थेट आपल्याकडे येतात. गणेश चतुर्थीला पूजा दुपारच्या आत असते, म्हणून तेच सात सकाळचे. ऑर्डर सांगणाऱ्याला हे इतकं उघड असतं की तो बोलतच नाही. आपण विचारायचं आणि सकाळ-संध्याकाळ शब्दात लिहायचं.

फोनवर आकडे ऐकताना फार जपा. एकवीस आणि एकतीस, मागे मिक्सर चालू असेल तर कुणालाही सारखेच ऐकू येतील. मी नेहमी फोडून विचारते, "दोनावर एक ना काका?" वजन सांगताना लोक सव्वा, दीड, अडीच म्हणतात. बोलायला ते छान आहे, पण पावतीवर १.२५०, १.५००, २.५०० असंच उतरवा. आत वजन करणारा मुलगा बिहारचा आहे, त्याला "सव्वा" कळतं, पण माझ्या घाईच्या अक्षरातला "सव्वा" कळत नाही. मोदकापुढे "नग" आणि श्रीखंडापुढे "किलो" लिहायला विसरू नका.

एखाद्याने "काजू अजिबात नको, नातवाला त्रास होतो" असं सांगितलं तर लाल पेनाने लिहून त्याला गोल करा, आणि तेवढ्यावर थांबू नका. उठून आत जा आणि जी मावशी सारण करते तिला तोंडाने सांगा. परत येऊन ग्राहकाला सांगा की मी आत सांगून आले. आणि एकाच कढईत, एकाच हाताने सगळं होत असेल तर तेही त्यांना स्पष्ट सांगा. घ्यायचं की नाही ते त्यांना ठरवू दे. अशा वेळी ऑर्डर गेली तरी चालेल.

सगळं लिहून झालं की पावती वाचून दाखवायची. मनातून म्हणून दाखवू नका, कागदावरून वाचा. चूक कागदावर असते, मनात तर बरोबरच असतं.

आता सगळ्यात अवघड भाग. मोदकपात्रात एका वेळी किती मोदक उकडतात याला मर्यादा आहे, आणि आतल्या बायकांच्या हातांनाही आहे. म्हणून वहिनी हंगामाच्या सुरुवातीलाच सांगतात की अर्ध्या तासाला किती मोदक निघतील. वहीत अर्ध्या-अर्ध्या तासाचे रकाने पाडलेले असतात आणि प्रत्येक ऑर्डर घेताना त्या रकान्यातून तेवढे वजा करायचे. रकाना भरला की ती वेळ बंद. मग कोणीतरी येतंच, "अगं, आम्ही दरवर्षीचे. तुझ्या वहिनींना विचार." अशा वेळी जीभ घसरते. दहाच तर आहेत, बसतील कुठेतरी, असं वाटतं. बसत नाहीत. आठच्या रकान्यात दहा जास्त घेतले की साडेआठच्या रकान्यातले दहा मागे सरतात, आणि दहा वाजेपर्यंत पाच घरांचा नैवेद्य अडकतो. मी दरवर्षीच्या माणसांना सांगते, "काकू, साडेआठचं भरलंय. सव्वासातचे देते, ओल्या फडक्याखाली ठेवा, दोन तास मऊ राहतात." बहुतेक जण ऐकतात. जे ऐकत नाहीत त्यांना वहिनींकडे पाठवते, स्वतः होकार देत नाही.

आदल्या रात्री

गणपतीच्या आदल्या रात्री, म्हणजे हरतालिकेला, दुकान बंद झाल्यावर आम्ही दोघीजणी पावत्या लावतो. पावत्या नावाने लावायच्या नाहीत, वेळेने लावायच्या. प्रत्येक अर्ध्या तासाचा एक गठ्ठा, त्याला रबर, आणि वर एक चिठ्ठी: साडेसात ते आठ, ९ पावत्या, एकवीसचे ६, अकराचे ३, एकूण १५९. हीच चिठ्ठी दुसऱ्या कागदावर लिहून आत मोदकपात्राच्या वर भिंतीला चिकटवायची. आतल्या बायकांना नावांशी काही देणं-घेणं नसतं, त्यांना किती डबे आणि किती नग एवढंच हवं असतं. गठ्ठ्यांची बेरीज वहीतल्या रकान्यांशी जुळली नाही तर जुळेपर्यंत घरी जायचं नाही. एकदा रात्री साडेअकराला एक पावती कार्बनला चिकटलेली सापडली होती, एक्कावन्न मोदकांची.

ज्या ऑर्डरीत थंड आणि गरम दोन्ही असतं तिथे हमखास गडबड होते. पुऱ्यांची पिशवी फळीवर असते, श्रीखंड फ्रीजमध्ये. माणूस येतो, आपण पिशवी देतो, तो जातो. घरी जेवायला बसल्यावर कळतं. यावर मी एक साधी युक्ती केली आहे. लाल पुठ्ठ्याची हातभर लांब पट्टी, वर "फ्रीज" लिहिलेलं. ती पिशवीत उभी खोचून ठेवायची. ती पट्टी काढल्याशिवाय पिशवीचं तोंड बंदच होत नाही, आणि फ्रीजमधला डबा हातात आल्याशिवाय पट्टी काढायची नाही. अशा बारा पट्ट्या आहेत माझ्याकडे, दरवर्षी त्याच वापरते.

सुट्टे पैसेही रात्रीच मोजून ठेवा. दहा-वीसच्या नोटा आणि नाणी. सुट्टे नाहीत म्हणून हातावर चॉकलेट ठेवणं मला पटत नाही, सणाच्या दिवशी तर नाहीच.

देताना

माझं तिसरं वर्ष होतं. गणेश चतुर्थीची सकाळ, साडेआठ वाजलेले. एक गृहस्थ घाईघाईने आले, एक पाय रिक्षातच. "जोशी." मी गठ्ठ्यातली वरची पावती बघितली आणि म्हटलं, "जोशी ना? एकवीस मोदक?" ते म्हणाले, "हो, हो." मी डबा दिला आणि ते गेले. नऊ वाजता एक बाई आल्या, नऊवारी नेसलेल्या, हातात पावती. जोशी, एकवीस. फळीवर एकच डबा राहिला होता, अकराचा. त्या गृहस्थांचे अकराच होते. त्यांनी माझं बोलणं ऐकलंच नव्हतं, घाईतल्या माणसाला जे विचाराल त्याला तो हो म्हणतो.

त्या बाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या स्टुलावर बसल्या आणि समोरच्या घड्याळाकडे बघत राहिल्या. एकदाच म्हणाल्या, "गुरुजी येऊन बसलेत हो." मी दुसऱ्या जोशींना फोन लावला. त्यांचा नैवेद्य दाखवून झाला होता. त्यांना वाटलं होतं दुकानाने सणाचे म्हणून जास्त दिले. आत जाऊन मोठ्या मावशींना सांगितलं तर त्या एक शब्द बोलल्या नाहीत. चालू घाणा बाजूला ठेवून त्यांनी दहा मोदक वळले, प्रत्येकाला तितक्याच पाकळ्या, कुठेही घाई दिसणार नाही असे. बाई नऊ चाळीसला गेल्या. त्यानंतरचे सगळे वीस मिनिटं मागे गेले, आणि दुपारपर्यंत प्रत्येकाची माफी मीच मागितली.

तेव्हापासून माझा नियम हा आहे: उत्तर ग्राहकाच्या तोंडात घालायचं नाही. "एकवीस ना?" असं विचारायचं नाही. "नमस्कार काका, पूर्ण नाव सांगा. काय काय सांगितलं होतंत?" असं विचारायचं आणि ते बोलत असताना आपली नजर पावतीवर हवी. नाव, वस्तू, आकडा तिन्ही त्यांच्या तोंडून आले आणि कागदाशी जुळले, तरच डब्याला हात लावायचा. याला दहा सेकंद जास्त लागतात. रांग कितीही असो, ही दहा सेकंदं वाचवू नका.

मग डबा उघडून दाखवायचा. आम्ही एकवीस मोदक सातच्या तीन ओळींत लावतो आणि अकरा मोदक चार, चार, तीन असे. ओळी ठरलेल्या असल्या की मोजायला बोट फिरवावं लागत नाही, उघडल्याबरोबर आपल्यालाही आणि त्यांनाही दिसतं. नैवेद्याचे आहेत म्हणून बोट लावायचं नाही, वरून वास घ्यायचा नाही, डब्यावर वाकून बोलायचं नाही. काही आजी हे फार बारकाईने बघतात आणि त्यांचं बरोबर आहे.

गरम मोदकाचा डबा लगेच घट्ट बंद करू नका. वाफेचं पाणी झाकणाला लागतं, थेंब खाली पडतात आणि पारी चिकट होते. खाली केळीचं पान, वर बटर पेपर, झाकण जरा तिरकं, आणि अगदी निघताना बंद. उलट उघडा ठेवून दिलात तर पंख्याच्या वाऱ्याने पारी सुकते आणि टोकाशी तडे जातात. या दोन्हींच्या मधलं अंतर हाताला कळायला आठवडाभर लागतो. तूप नेहमी वेगळ्या छोट्या डबीत, तिचं झाकण दाबून बघितल्याशिवाय पिशवीत टाकू नका.

घरी कसं न्यायचं हेही आपणच सांगायचं. स्कूटरच्या हुकाला पिशवी अडकवली की दोन खड्ड्यांत सगळे मोदक एका कोपऱ्यात गोळा होतात. रिक्षात मांडीवर, सपाट. फ्रीजमध्ये ठेवायचे नाहीत, उकड कडक होते. गार झाले तर चाळणीवर पाच मिनिटं वाफ द्यायची. ओल्या नारळाचं सारण आहे, त्याच दिवशी संपवायचे. हे सगळं एका दमात तोंडपाठ म्हटलंत तर कोणी ऐकत नाही. माणूस बघून त्याला लागू असलेलंच सांगा. हेल्मेट हातात असेल त्याला हुकाचं, आणि जो चार जणांच्या घरासाठी एक्कावन्न नेतोय त्याला वाफेचं.

वजनाच्या वस्तूंना रिकामा डबा आधी काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणायचा, मग माल. खोक्याचं वजन मिठाईच्या भावाने विकता येत नाही, कायदाही तेच सांगतो आणि वैधमापनवाले तपासायला येतात. इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दरवर्षी करून घ्यावी लागते, त्याचं प्रमाणपत्र आम्ही गिऱ्हाइकाला दिसेल असं लावलंय. फारसं कोणी वाचत नाही, पण काटा त्यांच्या बाजूला वळवून ठेवला की तो मात्र सगळे बघतात.

पावती हरवलेल्यांना ताटकळत ठेवू नका. नाव आणि चार आकडे जुळले की पुरे. मात्र दुसरंच कोणी आलं, वॉचमन, ड्रायव्हर, शेजारचा मुलगा, "साहेबांनी पाठवलंय" म्हणाला, तर पावतीवरच्या नंबरला फोन करायचा. त्याच्यासमोरच करायचा, आणि नीट बोलायचं. त्याच्यावर संशय घेतोय असं त्याला वाटता कामा नये. मी म्हणते, "दादा, एकाच नावाच्या दोन ऑर्डरी आहेत, विचारून घेते, तुम्हाला परत फेरी नको." हे बहुतेक वेळा खरंही असतं.

पैसे

मोदकांचे पूर्ण पैसे आम्ही ऑर्डरच्या वेळीच घेतो, कारण न नेलेला मोदक दुसऱ्या दिवशी विकता येत नाही. बाकी वस्तूंना निम्मे आगाऊ. उरलेली रक्कम पावतीवर उजव्या कोपऱ्यात लिहून त्याला चौकट करा, म्हणजे देताना वजाबाकी करत बसावं लागत नाही.

यूपीआयच्या स्पीकरवर पूर्ण विसंबू नका. आमच्याकडे दोन काउंटर आणि एकच स्पीकर. "दोनशे चाळीस रुपये प्राप्त" असं तो बोलतो, पण ते माझ्यासमोरच्या काकांचे की पलीकडच्या ताईंचे, हे त्याला सांगता येत नाही. दुकानाच्या मोबाईलवर नाव बघायचं. ग्राहकाच्या फोनवरची हिरवी खूण किंवा स्क्रीनशॉट बघून माल द्यायचा नाही. आता समजा पैसे त्यांच्या खात्यातून गेले आणि आपल्याकडे आलेच नाहीत, नेटवर्क अडकलं. सणाला हे होतंच. अशा वेळी आम्ही माणसाला अडवत नाही. ऑर्डरवाल्याचं नाव-नंबर आपल्याकडे आहे. व्यवहाराचा बारा आकडी क्रमांक पावतीच्या मागे लिहून घेते, माल देते, संध्याकाळी बघून फोन करते. हे मी वहिनींना विचारून ठरवलंय. तुम्ही तुमच्या मालकांना हंगामाआधी विचारून ठेवा, रांग लागल्यावर विचारायला वेळ नसतो.

आणि ज्या हाताने नोटा घेतल्या त्याने डब्यात हात घालू नका. आम्ही काउंटरला दोघी असतो, एकीकडे पैसे, एकीकडे डबे. एकटीच असाल तर चिमटा वापरा.

ऑर्डर तयार नसेल तर

"पाच मिनिटं" हे शब्द मी नव्या मुलींना तोंडातून काढू देत नाही. पाच मिनिटं म्हणजे किती हे कुणालाच माहीत नसतं, आणि तीनदा पाच मिनिटं ऐकलेला माणूस चौथ्यांदा चिडला तर त्यात त्याचा दोष नाही. आत जाऊन घाणा बघा. उकडायला दहा-बारा मिनिटं लागतात, झाकण कधी ठेवलं ते विचारा, त्यावर भरायची तीन मिनिटं धरा आणि तो खरा आकडा सांगा. गेल्या गणपतीला एक आजोबा काठी टेकत आले. मी सांगितलं, "आजोबा, वीस मिनिटं लागतील, त्याच्या आत होणार नाहीत." ते थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले, मग म्हणाले, "मग मी गणपतीच्या देवळात जाऊन येतो." आले तेव्हा डबा तयार होता. वीस मिनिटं खरं सांगितलं म्हणून त्यांचं दर्शन तरी झालं.

काउंटरजवळ दोन स्टुलं हवीतच. ऑर्डरवाल्यांची रांग वेगळी हवी, आणि पाटी लावून ती वेगळी होत नाही. सकाळी पहिला अर्धा तास कोणीतरी बाहेर उभं राहून "ऑर्डरवाले इकडे" असं सांगायला लागतं. मग रांग आपली आपण चालते.

ऑगस्टमध्ये पावसाचं लक्षात ठेवा. प्लास्टिकच्या पिशव्यांवर राज्यात २०१८पासून बंदी आहे, आणि कागदी पिशवी दुकानाच्या पायरीवरच भिजून फाटते. ऑर्डर घेतानाच "येताना कापडी पिशवी आणा" हे सांगा आणि पावतीवर छापून घ्या. तरी निम्मे लोक विसरतात. त्यांच्यासाठी आम्ही कापडी पिशव्या ठेवतो, किंमत तेवढीच घेतो.

पाडवा आणि दिवाळी

पाडव्याला श्रीखंड-पुरी. इथे अडचण वस्तूची नाही, रस्त्याची आहे. आमच्या डोंबिवलीत गणेश मंदिर संस्थानाची नववर्ष स्वागतयात्रा १९९९पासून निघते, आणि त्या सकाळी फडके रोडवरून डबा घेऊन जायला जागा नसते. म्हणून श्रीखंड आदल्या संध्याकाळी, पुऱ्या दुपारी बारानंतर. ज्यांना दोन फेऱ्या नको असतात त्यांना सगळं बारानंतरचं. नरक चतुर्दशीलाही तेच, सकाळी सगळी तरुण मुलं नटून फडके रोडवर जमतात. ते बघायला मलाही आवडतं, पण त्या वेळेला एकही ऑर्डर लावायची नाही. तुमच्या गावात कोणत्या दिवशी कोणता रस्ता बंद होतो, पालखी कुठून जाते, आठवडी बाजार कधी असतो, हे ऑर्डरच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

दिवाळीची ऑर्डर मोठी आणि सुट्ट्या भागांची असते: चकली एक किलो, चिवडा दीड, बेसन लाडू पन्नास, अनारसे पाव किलो. प्रत्येक वस्तू पिशवीत गेली की पावतीवर तिच्यासमोर खूण करायची, आणि ही खूण भरणाऱ्याने करायची, देणाऱ्याने नाही. देणाऱ्याने ती पुन्हा ग्राहकासमोर वाचायची. चकल्या कायम वर, लाडू खाली.

परदेशी पाठवायचा फराळ वेगळ्या फळीवर ठेवा. मुलगा अमेरिकेत, सून तिकडेच, आई-वडील इथे, अशी घरं आमच्याकडे खूप आहेत. खव्याचं काही त्यांना देत नाही, टिकत नाही. प्रत्येक पाकिटावर घटक आणि बनवल्याची तारीख हवी, कुरियरवाले विचारतात. काकू पाकीट हातात घेऊन विचारतात, "पोचेपर्यंत चकली मोडणार नाही ना गं?" मोडणार नाही असं मी सांगत नाही. पाकिटात हवा कमी ठेवून कागदाच्या गुंडाळ्या मध्ये भरते, ते त्यांना दाखवते आणि म्हणते, "दोन-चार मोडतील, बाकी नीट जातील."

सुट्या मिठाईच्या ट्रेवर कधीपर्यंत खायची ती तारीख लिहायचा नियम १ ऑक्टोबर २०२०पासून आहे. ऑर्डरचा डबा ट्रेवरून भरला जातो, पण ती तारीख डब्याबरोबर जात नाही. म्हणून मी डब्याच्या झाकणावर पेनाने लिहून देते.

दिवस संपताना

न नेलेल्या ऑर्डरी उरतातच. दिलेल्या वेळेनंतर अर्ध्या तासाने पहिला फोन, मग एक तासाने दुसरा. संकष्टीला लोकल अडकली की माणूस ठाण्याला उभा असतो आणि त्याला फोनवर फक्त एवढंच ऐकायचं असतं की दुकान उघडं आहे. त्याला वेळ सांगा, आणि सांगितलेल्या वेळेपर्यंत खरोखर थांबा. दुसऱ्या फोनलाही उत्तर नसेल तर वहिनींना विचारून डबा आतल्या बायकांना वाटायचा, आणि पावतीवर दोन्ही फोनच्या वेळा लिहून ठेवायच्या. दुसऱ्या दिवशी ग्राहक आलाच तर त्या वेळा त्याला दाखवता येतात.

दिलेल्या सगळ्या पावत्या तारेत ओवायच्या, तारखेची चिठ्ठी वर. चूक झाली असेल तर त्या पावतीच्या मागे काय झालं ते दोन ओळीत लिहायचं, कोणाची चूक ते लिहायचं नाही. पुढच्या वर्षी श्रावणात मी त्या पावत्या काढून नव्या मुलींना वाचायला देते. मग गल्ला मोजून वहिनींच्या हातात द्यायचा, काटा पुसायचा, लाल पट्ट्या मोजायच्या, बाराच्या बारा. उद्याच्या पहिल्या वेळेचा गठ्ठा रबर लावून सगळ्यात वर ठेवायचा आणि मग दिवा बंद.